पाय वर करून बसा

‘पाय वर करून बसा. फार वेळ उभं राहू नका. पट्टी न चुकता बांधा.’

शिरांच्या आजारामुळे पायाला झालेली जखम घेऊन तुम्ही मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत गेलात, तर या तीनपैकी दोन वाक्यं तरी कानावर पडतीलच. तिन्ही वाक्यं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहेत, जगात कुठेही गेलात तरी याहून वेगळं सांगणार नाहीत. माझा प्रश्न डॉक्टरच्या ज्ञानाबद्दल नाहीच. जो सल्ला समोरच्या माणसाला पाळताच येणार नाही, तो देऊन झाल्यावर ‘उपचार केला’ असं म्हणता येतं का? आणि सल्ला पाळला गेला नाही, तर ती चूक कुणाच्या खात्यावर टाकायची?

चिंचपोकळीला आमच्या चाळीत एक काका आहेत. वय साठीच्या अलीकडे. जवळच्याच एका टॉवरच्या लॉबीत सिक्युरिटीला असतात, सकाळी आठ ते रात्री आठ. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला त्यांना एक जखम आहे. तीन वर्षांत ती दोनदा भरली आणि दोनदा परत उघडली. आजूबाजूची कातडी काळपट, कडक झालेली. हळद झाली, खोबरेल तेल झालं, मेडिकलवाल्याने दिलेली पावडर झाली. चाळीतल्या प्रत्येकाने ‘शुगर तपासा’ म्हणून सांगितलं. शुगर नाही. मी त्यांच्याबरोबर तीन-चारदा रुग्णालयात गेलो, कारण मला रजा फोनवरून टाकता येते आणि त्यांच्या रजेचा पगार कापला जातो. एकदा रांगेत उभं असताना त्यांचा केसपेपर वाचला. घाईघाईत लिहिलेल्या इंग्रजीत दोन शब्द ओळखू आले: ‘नॉन-कंप्लायंट’. म्हणजे रुग्ण ऐकत नाही.

आता हा पाय आतून कसा चालतो ते बघू. हृदयातून रक्त खाली येतं ते हृदयाच्याच जोरावर. वर परत जायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढायचं. हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या छोट्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. म्हणजे हँडपंपच. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा असतो. झडपा धड असतील तर चालायला लागल्यावर तो ३०च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग महिनोन्महिने, वर्षानुवर्षं घोट्याजवळची कातडी त्या दाबाखाली राहते. सूज येते, खाज येते, रंग बदलतो आणि एक दिवस पलंगाचा कोपरा लागल्याचं निमित्त होऊन जखम होते. ती भरत नाही, कारण तिला त्रास देणारी गोष्ट जखमेत नसतेच. ती असते वरून येणाऱ्या दाबात. वरून कितीही महागडं मलम लावा.

‘उभं राहू नका’ या वाक्यामागे हे सगळं शास्त्र आहे. आणि काकांची नोकरी म्हणजे नेमकं उभं राहणं. चालणंसुद्धा नाही, उभं राहणं. पंप बंद ठेवून टाकी भरलेली ठेवण्याचा बारा तासांचा पगार.

माझ्या धंद्यात ‘नॉन-कंप्लायंट’चा एक सख्खा भाऊ आहे: ‘युजर एरर’. ॲप चाललं नाही की पहिली प्रतिक्रिया हीच, युजरने चुकीचं बटण दाबलं. कधीकधी खरंही असतं. पण दहापैकी आठ लोक तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर दोष बटणाच्या जागेचा असतो, हे ज्युनिअर इंजिनिअरलाही पहिल्या वर्षात कळतं. वैद्यकशास्त्रात हे कळायला वेळ का लागावा? पायावर पट्टी न बांधणारे, पाय वर न ठेवणारे, पुढच्या तारखेला न येणारे रुग्ण एकेकटे बघितले तर हट्टी, आळशी, अडाणी वाटतात. एकत्र बघितले तर दिसतं की हे सगळे वॉचमन, पोळ्या लाटणाऱ्या बायका, पार्लरमधल्या मुली, हॉटेलातले वेटर आणि इस्त्रीवाले आहेत.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार प्रामाणिकपणे मांडून ठेवला आहे, बहुधा नकळत. आयुर्वेदात उपचाराचे चार पाय सांगतात: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. रोगी कसा असावा याची चरकाची यादी आहे: स्मरणशक्ती असलेला, सांगितलेलं ऐकणारा, न घाबरणारा, आपला त्रास नीट सांगू शकणारा. काही शतकांनी वाग्भट तीच यादी करतो तेव्हा स्मरणशक्ती गळते आणि पहिल्या जागी एक नवा गुण येतो, ‘आढ्य’. म्हणजे पैसेवाला. ऐकणारा हा गुण त्यानंतर. कॉलेजात असताना हे वाचून मला राग आला होता. आता वाटतं, वाग्भटाने निदान लपवलं तरी नाही. ऐकायचं असेल तर परवडलं पाहिजे, हा क्रम त्याने बरोबर लावला आहे. आपण तो पहिला गुण यादीतून खोडला (लोकशाहीत शोभत नाही) आणि दुसरा मात्र तसाच ठेवला. केसपेपरवर आता फक्त ‘ऐकत नाही’ उरलं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या नावाने एक तत्त्व सांगितलं जातं: एखाद्याने अमुक करायला हवं असं म्हणायचं, तर त्याला ते करता येणं शक्य असलं पाहिजे. साधी गोष्ट आहे. लंगड्याला ‘पळ’ म्हणणं ही आज्ञा नसते, ती थट्टा असते. पण काकांच्या बाबतीत ‘शक्य नाही’ म्हणणं इतकं सोपं आहे का? यावर माझा आणि माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीचा बराच वाद झाला आणि तिचं म्हणणं मी इथे कमकुवत करून मांडणार नाही. ती म्हणाली, ‘मी सत्तर पेशंट बघते. माझ्या हातात खुर्ची नाही, पगार नाही, कायदा नाही. जीभ आहे. खरं आहे ते सांगू नको का? आणि तुझे काका नोकरी सोडू शकत नाहीत हे मान्य, पण रात्री घरी आल्यावर पायाखाली दोन उशा घेऊ शकतात ना? ते घेतात का, विचारलंस?’

विचारलं. घेत नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात, उशा दोन. पण उशीच्या जागी गोधडीची गुंडाळी चालते, हे मैत्रिणीनेच सांगितलं आणि काकांनी ते केलं. तेव्हा ती तेवढ्यापुरती बरोबर होती. गरीब माणसाला काहीच करता येत नाही असं समजणं हाही एक प्रकारचा अपमान आहे. मला खटकतं ते दुसरंच. रात्रीचे आठ तास काकांच्या हातात आहेत, दिवसाचे बारा तास नाहीत, आणि केसपेपरवर वीस तासांचा हिशोब एकट्या त्यांच्या नावावर मांडला आहे.

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकन विचारवंत स्त्रीने जबाबदारीचे दोन प्रकार वेगळे केले. एक मागे बघणारी: कुणी केलं, दोष कुणाचा, शिक्षा कुणाला. दुसरी पुढे बघणारी: हे ज्या व्यवस्थेतून घडतंय तिच्यात आपण सगळे कुठे ना कुठे गुंतलो आहोत, तर ती बदलायला कोण काय करू शकतो. काकांच्या घोट्यात कुणीच सुरी खुपसलेली नाही. एजन्सी म्हणते, सोसायटीला उभा गार्ड हवा. सोसायटी म्हणते, इम्प्रेशन चांगलं पडतं. डॉक्टर म्हणते, माझ्या हातात जीभ आहे. पहिल्या प्रकारे शोधलं तर गुन्हेगार सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून शेवटी जखम ज्याला झाली त्याच्याच नावावर जाते.

आता खुर्चीबद्दल. लालबाग-परळ-चिंचपोकळीला उभं राहण्याचा इतिहास शिकवायची गरज नाही. काकांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या रांगांमधून पाळीभर पायांवर. गंमत म्हणजे १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं: ज्या कामगारांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे मधे विश्रांतीची संधी मिळाली की त्यांना ती घेता येईल. स्वातंत्र्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातच देशाने लिहून ठेवलेली ही गोष्ट आहे. गिरण्यांत ती किती पाळली गेली हा वेगळा विषय. पण १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या हळूहळू संपल्या आणि त्यांच्या जमिनीवर ऑफिसं, मॉल, टॉवर उभे राहिले. कामगाराचा मुलगा त्याच जमिनीवर परत उभा राहिला, फक्त आता तो कारखान्यात नव्हता. त्यामुळे कलम ४४ त्याच्या कामाचं राहिलं नाही.

माझं ऑफिस लोअर परळला आहे, एका जुन्या गिरणीच्या आवारात. तिथे आम्हाला बटण दाबलं की वर-खाली होणारी टेबलं दिली आहेत, कारण फार बसणं तब्येतीला वाईट. मला उभं राहायचा पर्याय देण्यासाठी कंपनीने खर्च केला. खाली लॉबीतल्या माणसाला बसायचा पर्याय देण्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची पुरली असती.

हे बदलता येतं, याचा पुरावा लांब नाही. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायला परवानगी नव्हती, स्वच्छतागृहाची धड सोय नव्हती. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘पेणकूट्टु’ नावाची संघटना उभी केली. त्यांची मागणी एका शब्दाची होती: बसू द्या. २०१८मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली, २०२१मध्ये तमिळनाडूने तेच केलं. या बायका डॉक्टर नव्हत्या. पण पायांच्या शिरांसाठी त्यांनी जे केलं ते कुठल्याही ओपीडीने केलं नसतं.

आणि हा विचार वैद्यकशास्त्राला परकाही नाही. शिरेत रक्ताची गुठळी का होते, याची तीन कारणं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही ज्याच्या नावाने पाठ करावी लागतात, तो रुडॉल्फ फिरशो. १८४८मध्ये प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरला अप्पर सायलेशियात टायफसची साथ का पसरली ते बघायला पाठवलं. त्याने परत येऊन जो इलाज सुचवला त्यात शिक्षण होतं, रस्ते होते, लोकांचा स्वतःचा कारभार आणि त्यांची भाषा होती. वरचे साहेब खूश झाले नाहीत. शिरा आणि समाज, दोन्हीकडे तोच माणूस बघत होता. आपण त्याच्या नावाची तीन कारणं घेतली आणि अहवाल विसरलो.

तरीही, खुर्ची मिळेपर्यंत पाय थांबत नाही. म्हणून पट्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त अन्याय मला तिथे दिसतो. शिरांच्या जखमेचा मुख्य इलाज म्हणजे दाब. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पारा आणि वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा. (आधी पायाच्या धमन्यांचं रक्त नीट येतंय का ते तपासावंच लागतं. ते येत नसेल तर घट्ट पट्टीने पाय जाऊ शकतो. तेव्हा हे वाचून घरी कुणाचा पाय आवळू नका.) पट्टीखालचा दाब किती हे लाप्लासच्या नियमावरून काढतात: ताण जास्त, थर जास्त तर दाब जास्त, पायाचा घेर जास्त तर दाब कमी. म्हणजे एकसारख्या ताणाने बांधलं तर बारीक घोट्याशी दाब आपोआप जास्त आणि जाड पोटरीशी कमी. किती सुंदर डिझाइन! पण सगळं त्या ‘एकसारख्या ताणावर’ आहे आणि तो हाताच्या सवयीतून येतो. काका स्वतःच्या पायाला वाकून पट्टी बांधतात तेव्हा घोट्याशी सैल आणि वर आवळलेली होते, म्हणजे बरोबर उलटी. शिवाय साधी क्रेप पट्टी चार धुण्यांत ताण सोडते. दाब देणारे मोजे मिळतात, पण त्यांची चांगली जोडी काकांच्या कित्येक दिवसांच्या पगाराची, आणि काही महिन्यांनी बदलावी लागते.

तेव्हा हवा काय, तर आठवड्यातून एकदा, घराजवळ, कामाच्या वेळेनंतर, बांधायची सवय असलेला एक हात. एवढंच. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या चॅरिंग क्रॉस रुग्णालयातल्या मंडळींनी चार थरांची पट्टी तयार केली आणि ती बांधायचं काम वस्तीतल्या दवाखान्यांत, नर्सच्या हाती दिलं. पुढे १९९५मध्ये एली लिंडसे नावाच्या नर्सने सफोकमधल्या एका गावात ‘लेग क्लब’ काढला. पायाच्या जखमांचे रुग्ण एकत्र बसून चहा पितात आणि तिथेच पट्ट्या बदलून घेतात. मला हा चहा महत्त्वाचा वाटतो. या जखमेला वास येतो. काका लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी बसत नाहीत, दारात उभे राहतात. म्हणजे वास येतो म्हणून उभं राहायचं आणि उभं राहिल्याने जखम वाढायची.

मुंबईत हे अशक्य आहे का? महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२पासून वस्त्यांमध्ये सुरू झाले, संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जेजे. चिंचपोकळीपासून तिन्ही हाकेच्या अंतरावर. निदान मोठ्या रुग्णालयात, पट्टी गल्लीतल्या दवाखान्यात, अशी विभागणी करायला नवी इमारत लागत नाही. पण आपल्याला आवडतं शिबिर. आमच्या भागात शिबिरांना तोटा नाही: मंडळाचा बॅनर, फोटो, मोफत तपासणी, मोफत मलम. शिबिराच्या लोकांची कळकळ खरी असते, मी स्वतः टेबलं लावली आहेत. पण ही जखम महिनोन्महिने चालते आणि शिबिर रविवारी दुपारी संपतं. आपल्या मनातलं जखमा धुणाऱ्याचं चित्रही तसंच आहे. सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करणारे गांधीजी आपल्याला आठवतात. त्यापुढे नतमस्तक व्हावं असंच ते आहे. पण गांधीजी तिथे रोज जात होते, हा त्या गोष्टीतला भाग आपण पुढे सांगत नाही. काकांना महात्मा नको आहे. त्यांना मंगळवारी रात्री साडेआठला उघडा असलेला दवाखाना हवा आहे.

एक आक्षेप राहतो आणि तो मी खुद्द रुग्णालयाच्या बाकावर ऐकला: ‘यांच्या शिरांचं ऑपरेशन करून काय उपयोग, परत जाऊन उभेच राहणार.’ म्हणजे सार्वजनिक पैसा आणि लेझरची तारीख त्याला द्यावी ज्याला ती टिकवता येईल. हा युक्तिवाद हिशोबी वाटतो, पण हिशोबानेही चूक आहे. २००४मध्ये ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या दाबाच्या पट्टीने बऱ्या झालेल्यांपैकी वर्षभरात २८ टक्क्यांची जखम परत उघडली, पट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिली तेव्हा १२ टक्क्यांची. २०१८च्या दुसऱ्या एका अभ्यासात ४५० रुग्ण होते. शिरेवरचा उपचार लवकर केला तर जखम भरायला मध्यकानुसार ५६ दिवस लागले, थांबून केला तर ८२. काकांसाठी मधले सव्वीस दिवस म्हणजे सव्वीस हजेऱ्या. ज्याला पाय वर करून बसता येत नाही, त्याच्यासाठी शिरेची दुरुस्ती जास्त मोलाची ठरते. पावसात भिजत कामावर जाणाऱ्याला ‘तू परत भिजणारच’ म्हणून छत्री नाकारत नाहीत. दुसऱ्या बाजूने, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे देतात. दर मंगळवारची पट्टी त्या चौकटीत बसत नाही, कारण तिला ना ऑपरेशन थिएटर लागतं ना डिस्चार्ज कार्ड.

काकांना आता रुग्णालयाने शिरेच्या उपचारासाठी तारीख दिली आहे, दोन महिन्यांनंतरची. तोपर्यंत पट्टी मी बांधतो. मैत्रिणीने दाब मोजायचं यंत्र लावून मला चार वेळा बांधायला लावली. पाचव्यांदा ३८ आला तेव्हा ती ‘चालेल’ म्हणाली.

खुर्चीसाठी मी त्या टॉवरच्या कमिटीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी विषय मीटिंगमध्ये घेतला. कुणीतरी म्हणालं, बसायला दिलं की झोपतात. कुणीतरी म्हणालं, लॉबीत खुर्ची बरी दिसत नाही. अर्ध्या तासाने एक स्टूल मंजूर झालं, दुपारी दोन ते चार या वेळेसाठी, लिफ्टच्या मागच्या बाजूला. काकांनी ते पहिल्याच दिवशी उलटं करून पाहिलं आणि हसले. स्टूल उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. आता पायाखाली ठेवायला ते घरून एक रिकामा तेलाचा डबा नेतात.